करपा वेगळा, पर्णकोष करपा वेगळा. मग जनुकबदल भाताचा निवाडा एकच कसा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जनुकबदल भात, म्हणजे प्रयोगशाळेत बाहेरचे जनुक घातलेला 'जीएम' भात, हवा की नको, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने लिहिले जाते. एक बाजू म्हणते, हे बियाणे आले की फवारणी संपली. दुसरी म्हणते, हे बियाणे आले की आपली वाणे संपली. या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही, तो म्हणजे रोग कोणता? भातावर मोठे नुकसान करणारे बुरशीचे रोग आपल्याकडे मुख्यतः दोन. करपा आणि पर्णकोष करपा (पर्णकोष म्हणजे खोडाला वेढणारा पानाचा खालचा भाग). नावे सख्ख्या बहिणींसारखी असली तरी या दोन बुरश्या रोपात वेगवेगळ्या वाटेने शिरतात, वेगवेगळ्या रीतीने पसरतात, आणि त्यांच्याशी लढायला भाताजवळ स्वतःचे हत्यार आहे का, याचे उत्तरही दोघींच्या बाबतीत वेगळे आहे. करप्यासाठी बाहेरून जनुक आणण्याची गरज नाही. पर्णकोष करप्यासाठी ती आहे, आणि तिथे चाचणीचे दार लावून ठेवणे चूक आहे. एवढेच आमचे म्हणणे. पण ते पटवायचे तर तपशिलात शिरावे लागेल, म्हणून पत्र लांबले आहे.

(कडा करपा हा तिसरा रोग. तो जिवाणूंमुळे होतो, बुरशीमुळे नाही. नावात 'करपा' आहे म्हणून त्यावर बुरशीनाशक मारणारे अनेक आहेत आणि तो सगळा खर्च वाया जातो. या पत्रात त्याचा विषय नाही.)

आधी करपा. मॅग्नापोर्थे ओरायझी ही त्याची बुरशी. तिचा बीजाणू नासपतीच्या आकाराचा, तीन कप्प्यांचा असतो. दवाने किंवा रिमझिम पावसाने ओल्या झालेल्या पानावर तो पडला की टोकाकडून चिकट द्रव सोडून जागच्या जागी चिकटतो. काही तासांत त्यातून एक नळी निघते आणि नळीच्या टोकाला घुमटासारखी एक पेशी फुगते. या घुमटाला आतून मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचे अस्तर बसते. ते पाणी आत येऊ देते, पण आत साठलेले ग्लिसरॉल बाहेर सुटू देत नाही. पाणी येत राहते, दाब चढत राहतो, आणि तो वातावरणाच्या दाबाच्या ८० पटीपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमधल्या हवेचा जवळजवळ चाळीस पट. त्या जोरावर घुमटाच्या तळातून निघालेली बारीक खुंटी पानाची कातडी फोडून आत घुसते. पान आठ-दहा तास ओले राहिले आणि तापमान २५ ते २८ अंशांच्या आसपास असले की बुरशीला आणखी काही लागत नाही. चार-पाच दिवसांनी पानावर दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असा डोळ्याच्या आकाराचा ठिपका उमटतो आणि त्यावर रोज हजारो नवे बीजाणू पिकतात. इगतपुरी, मावळ, मुळशी या पट्ट्यात श्रावणातले ढगाळ, थंड, ओले दिवस करप्याला का मानवतात, ते यावरून कळेल.

ट्रायसायक्लॅझोल हे औषध मेलॅनिनच्या त्या अस्तरावरच घाव घालते. अस्तर बसले नाही की दाब धरत नाही, आणि दाब नसला की खुंटी शिरत नाही. म्हणून ७५ टक्के भुकटी १० लिटर पाण्याला ६ ग्रॅम या प्रमाणात, ठिपके दिसू लागताच किंवा त्याआधी मारली तर उपयोग होतो. बुरशी पानाच्या आत पोचल्यावर मारून फारसे काही हाती लागत नाही. शेतकरी म्हणतो औषध बनावट निघाले. कधी ते खरे असेलही, पण बहुतेक वेळा आठवडा उशीर झालेला असतो. त्यातच युरोपीय संघाने २०१७ साली तांदळातल्या या औषधाच्या अंशाची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली, म्हणजे शंभर पट कडक केली. बासमती उत्पादकांना त्याची झळ बसली. फवारणीचा रस्ता अरुंद होत चालला आहे, हे विरोधकांनीही मान्य करायला हवे.

पानावरचा करपा डोळ्यांत भरतो, पण खरे नुकसान मानेवरचा करपा करतो. भात निसवताना लोंबीच्या मानेच्या पेऱ्यावर पाणी साचते, तिथे बीजाणू रुजतो, मान काळपट तपकिरी होते आणि अन्नरस वर जाणे थांबते. सगळी लोंबी पळंज. खोडकिडीनेही पांढरी, पोचट लोंबी येते आणि दोन्हींत गल्लत होते. अशी लोंबी चिमटीत धरून हलकेच वर ओढावी. ती सहज उपसून आली आणि खालचे टोक कुरतडलेले दिसले तर काम खोडकिड्याचे. उपसून न येता काळ्या पडलेल्या मानेशीच मोडली तर करपा. या तपासणीला पैसा लागत नाही, आणि ती केल्याशिवाय कोणतेही औषध विकत आणू नये.

आता भाताच्या स्वतःच्या हत्यारांकडे येऊ. करप्याला अडवणारी जनुके भाताच्या निरनिराळ्या जातींत आणि जंगली भातात मिळून शंभरावर सापडली आहेत. त्यांना पीआय-१, पीआय-२, पीआय-९ अशी नावे आहेत. पीआय-५४ हे जनुक व्हिएतनामच्या 'टेटेप' या जातीतून २००५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी वेगळे केले. पीआय-९ आले ओरायझा मिनुटा या जंगली भातातून. ही बहुतेक जनुके पहारेकऱ्यासारखी असतात. बुरशी रोपात शिरताना जी प्रथिने सोडते त्यांतले एखादे प्रथिन ओळखायचे आणि त्या जागच्या आपल्याच पेशी मारून टाकायच्या, म्हणजे बुरशीला पुढे खायला काही उरत नाही. पानावर टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका राहतो आणि विषय संपतो.

पण एका पहारेकऱ्याला एकच चेहरा ओळखता येतो, आणि बुरशी तो चेहरा बदलते. पीआय-टा हे जनुक बुरशीच्या ज्या प्रथिनाला ओळखते त्याचे जनुक बुरशीच्या गुणसूत्राच्या अगदी टोकाला आहे. तिथले तुकडे सहज गळतात, बदलतात. बुरशीने तेवढा तुकडा टाकून दिला की पीआय-टा आंधळे झाले. एकाच जनुकाच्या भरवशावर पसरलेली करपा-प्रतिकारक वाणे काही हंगामांतच करप्याला बळी पडल्याची उदाहरणे जपान, कोरियापासून आपल्यापर्यंत पुष्कळ आहेत. जनुक प्रयोगशाळेत घातले होते की संकरातून आले होते, याच्याशी बुरशीला देणेघेणे नसते. 'जीएम' म्हणून ते जास्त टिकणार नाही, आणि 'नैसर्गिक' म्हणूनही टिकणार नाही. वादात हा मुद्दा हरवतो याचे आम्हांला वाईट वाटते, कारण शेतकऱ्याची फसगत होते ती इथेच.

यावरचा उपाय म्हणजे वेगवेगळे चेहरे ओळखणारे दोन-तीन पहारेकरी एकाच रोपात बसवणे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये पुसा बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ ही तीन वाणे दिली. त्यांत करप्यासाठी पीआय-२ आणि पीआय-५४, तर कडा करप्यासाठी एक्सए-१३ आणि एक्सए-२१ अशी चार जनुके एकत्र आहेत. ही वाणे जीएम नाहीत. जुन्या वाणाचा प्रतिकारक वाणाशी संकर करायचा, पुढच्या प्रत्येक पिढीत रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा घेऊन डीएनएतल्या खुणेवरून हवे ते जनुक आले का ते पाहायचे, आले असेल तेवढीच रोपे ठेवून पुन्हा जुन्या वाणाशी संकर करायचा. वेळ लागतो, पण परवानगीची भानगड नाही, निर्यातीचा प्रश्न नाही, आणि शेतकरी घरचे बी राखू शकतो. करप्यासाठी बाहेरचे जनुक नको, असे आम्ही म्हणतो ते या भक्कम पुराव्यावर.

या रीतीची एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. संकरात हव्या त्या जनुकाला चिकटून शेजारची नको ती जनुकेही येतात. जपानी कोरडवाहू भातातले पीआय-२१ याचा नमुना आहे. इतर जनुकांसारखे ते एकदम दरवाजा बंद करत नाही, बुरशीची चाल मंद करते, आणि म्हणूनच टिकते. पण त्याला अगदी लागून भाताची चव बिघडवणारे जनुक बसलेले होते. त्यामुळे हा प्रतिकार चांगल्या चवीच्या भातात आणण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत राहिले. २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दोन्ही जनुके वेगळी ओळखली, तेव्हा कुठे ती सोडवता आली. आपल्या आंबेमोहर किंवा आजरा घनसाळसारख्या भातांचा जीव वासात आणि चवीत आहे. तिथे असा एखादा उपटसुंभ शेजारी आला तर प्रतिकार मिळूनही भात हातचा जाईल.

जनुकसंपादन, म्हणजे रोपाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करणे, कामाला येते ते अशा ठिकाणी. पीआय-२१चा प्रतिकार नवे काही आल्याने मिळत नाही, एक जनुक निकामी झाल्याने मिळतो. ते जनुक ज्या वाणात शाबूत आहे तिथेच त्यातली डीएनएची काही अक्षरे खोडली तर शेजाऱ्याला आणावेच लागत नाही. चीनमध्ये २०१६ साली ओएस-ईआरएफ-९२२ हे जनुक क्रिस्पर-कॅस९ने निकामी केल्यावर करप्याचे ठिपके घटले आणि रोपाच्या उंचीत, फुटव्यांत फरक पडला नाही. रीत थोडक्यात अशी. जिथे काप घ्यायचा तिथल्या २० अक्षरांशी जुळणारा मार्गदर्शक आरएनए तयार करायचा, तो आणि कॅस९ ही कात्री पेशीत सोडायची. काप पडतो, पेशी तो घाईने सांधते, सांधताना एक-दोन अक्षरे गळतात किंवा वाढतात, आणि जनुक बंद पडते. पुढच्या पिढीत अशी रोपे निवडायची ज्यांत बदल आहे पण कात्री नाही. कात्री एकाच जागी बसलेली असेल तर साधारण चौथा हिस्सा रोपे कात्रीविना मिळतात.

काय बिघडते, तेही मांडतो. सारखी दिसणारी अक्षरे दुसरीकडे असली तर कात्री तिथेही चालू शकते, म्हणून अशा संभाव्य जागा वाचून तपासाव्या लागतात. कात्रीचे जनुक गेले तरी तिला आणणाऱ्या वाहक डीएनएचा तुकडा कुठे तरी राहून जाऊ शकतो, त्याची वेगळी चाचणी लागते. आणि सगळ्यांत मोठा धोका उत्पादनाचा. रोगाला मदत करणारे जनुक रोपाच्या स्वतःच्याही कामाचे असते. आरबीएल-१ या जनुकाचे उदाहरण पाहा. ते मोडलेले रोप करपा आणि कडा करपा दोन्हींना दाद देत नव्हते, पण रोगाशिवायच पानांवर ठिपके पडायचे आणि दाणे जवळजवळ भरतच नव्हते. उत्पादन सुमारे विसाव्या हिश्श्यावर आले. शास्त्रज्ञांनी त्याच जनुकात वेगवेगळे काप घेऊन पाहिले तेव्हा १२ अक्षरे गळालेले एक रूप सापडले. त्यात प्रतिकार राहिला आणि छोट्या क्षेत्रचाचण्यांत उत्पादनही घटले नाही. हे २०२३ साली प्रसिद्ध झाले. जनुकसंपादन म्हणजे बटण दाबले की वाण तयार, असे कोणी सांगितले तर त्याला हे उदाहरण द्यावे.

आपल्याकडे पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी, बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या अशा संपादित पिकांना १९८९च्या नियमावलीतल्या जनुकबदल पिकांसाठीच्या कडक कलमांतून वगळले. ४ मे २०२५ रोजी पहिली दोन संपादित भातवाणे जाहीर झाली. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचे 'डीआरआर धान १०० (कमला)' आणि दिल्लीचे 'पुसा डीएसटी राइस १'. पहिले सांबा मसुरीत बदल करून लोंबीतले दाणे वाढवण्यासाठी, दुसरे एमटीयू १०१० मध्ये बदल करून दुष्काळ आणि खारेपणा सोसण्यासाठी. करपा रोखणे हे या दोन्हींचे उद्दिष्ट नाही. तरी या वाणांचे नाव घेऊन 'आता रोगही गेले' असे बोलले जाते, ते चुकीचे आहे.

आता पर्णकोष करपा, आणि इथे सगळे चित्र पालटते. रायझोक्टोनिया सोलानी ही त्याची बुरशी. ती सहसा हवेतून उडणाऱ्या बीजाणूंच्या भरवशावर राहत नाही. मोहरीएवढ्या कठीण तपकिरी गाठींच्या रूपात ती मातीत पडून असते. चिखलणी केली की या गाठी पाण्यावर तरंगतात, वाऱ्याने खाचराच्या एका कोपऱ्यात जमतात आणि पाण्याच्या रेषेशी फुटव्यांना चिकटतात. पर्णकोषावर लांबट, हिरवट राखाडी, तपकिरी काठाचे चट्टे पडतात. चूड दाट झाली, पाने पानांना टेकली की बुरशीचे धागे पुलासारखे एका रोपावरून दुसऱ्यावर जातात आणि चट्टे खालून वर चढत झेंड्याच्या, म्हणजे लोंबीलगतच्या शेवटच्या, पानापर्यंत पोचतात. बुटकी, भरपूर फुटव्यांची, युरिया मागणारी वाणे हे तिचे माहेर. फवारणी फसण्याचे कारणही यातच आहे. रोग बुडख्याशी असतो आणि औषध वरच्या पानांवर पडते. हेक्झाकोनॅझोल असो की व्हॅलिडामायसिन, नोझल चुडीत खाली धरून बुडखा भिजवला तरच गुण येतो.

आणि मुख्य गोष्ट. या रोगाला पूर्ण दाद न देणारे भाताचे एकही वाण आजवर सापडलेले नाही. हजारो जाती तपासल्या गेल्या. थोडाफार प्रतिकार देणारे गुणसूत्रांचे काही भाग मिळाले, पण पीआय-५४ सारखा खणखणीत पहारेकरी एकही नाही. ही बुरशी एखाद्या ठरावीक प्रथिनाची चावी घेऊन येत नाही. ती पेशी मारते आणि मेलेल्या पेशी खाते. मका आणि बांधावरची अनेक गवतेही तिला चालतात. भातात जे नाहीच ते संकराने आणणार कुठून? करप्यासाठीचा युक्तिवाद इथे लागू पडत नाही तो यामुळे. सरसकट 'जीएम नको' म्हणणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

या रोगावर जनुकबदलाचा पहिला प्रयोग १९९५ सालचा. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत स्वपन दत्त यांच्या गटाने 'चिन्सुरा बोरो २' या भातात कायटिनेज या विकराचे जनुक घातले. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असते आणि हे विकर ते कापते. भाताजवळ स्वतःचे कायटिनेज असतेच, पण रोग आल्यावर ते उशिरा आणि थोडे बनते. घातलेले जनुक ते आधीपासून आणि भरपूर बनवते. आपल्या शेजारी, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरत छत्तू यांच्या प्रयोगशाळेने याच दिशेने वेगळे साहित्य वापरले. कांद्याच्या बियांतले, डेलियातले आणि मुळ्यातले बुरशीरोधक प्रथिन. डेलियाचे जनुक घातलेल्या भातात करप्याची बुरशी ८४ टक्के आणि पर्णकोष करप्याची ७२ टक्के दबल्याची नोंद २००९ची आहे. मुळ्याच्या जनुकाने हेच आकडे ७७ आणि ४५ टक्के. हे प्रयोगशाळेतले आणि काचगृहातले आकडे आहेत, शेतातले नाहीत, हे विसरू नये. बुरशीरोगासाठी बाहेरचे जनुक घातलेला भात अजून जगात कुठेही शेतकऱ्याला विकला जात नाही.

हे रोप घडते कसे, ते वाचकांना ठाऊक असावे, कारण भीती आणि भाबडेपणा दोन्ही अज्ञानातून येतात. सोललेला दाणा निर्जंतुक करून २,४-डी हे संप्रेरक लिटरला २ मिलिग्रॅम असलेल्या माध्यमावर ठेवतात. तीन-चार आठवड्यांत गर्भाजवळ पेशींचा पुंजका वाढतो. फिकट पिवळा, घट्ट, रवाळ पुंजका कामाचा. पाणचट किंवा तपकिरी झालेला फेकून द्यायचा. मग हवे ते जनुक घेऊन येणाऱ्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूबरोबर तो अंधारात २५ अंशांवर सुमारे तीन दिवस ठेवतात. चार-पाच दिवस राहू दिला तर जिवाणूच सगळे व्यापतो आणि नंतर कितीही धुतले तरी हटत नाही. धुऊन, जिवाणू मारणारे प्रतिजैविक देऊन, मग लिटरला ५० मिलिग्रॅम हायग्रोमायसिन असलेल्या माध्यमावर दोन-तीन फेऱ्या. ज्या पेशींत नवे जनुक गेले त्याच तगतात. त्यांतून कोंब, मुळे, आणि शेवटी रोप कुंडीत. काचेच्या बाटलीतल्या ओलाव्याला सोकावलेले रोप एकदम उघड्या हवेत आणले तर दोन दिवसांत सुकते, म्हणून आठवडाभर झाकण थोडे थोडे उघडत सवय लावतात. जपानी भातात हे सोपे जाते. आपल्या इंडिका वाणांत पुंजका लवकर तपकिरी होतो आणि कोंब कमी येतात. म्हणूनच प्रयोग झालेले वाण एक आणि शेतकऱ्याला हवे असलेले वाण दुसरे, असे वरचेवर होते.

रोप उभे राहिले म्हणजे काम झाले असेही नाही. नवे जनुक कुठे आणि किती ठिकाणी बसेल यावर ताबा नसतो. तीन-चार प्रती बसल्या तर रोप त्या सगळ्याच गप्प करून टाकू शकते, आणि पहिल्या पिढीत दिसलेला प्रतिकार पुढच्या पिढ्यांत नाहीसा होऊ शकतो. म्हणून एकच प्रत असलेली रोपे निवडायची, पुढच्या पिढीत जनुक असलेल्या आणि नसलेल्या रोपांचे तीनास एक हे प्रमाण येते का पाहायचे आणि शुद्ध ओळ मिळेपर्यंत थांबायचे. करप्याची चाचणी घेताना तीन-चार पानांच्या रोपांवर मिलिलिटरला एक लाख बीजाणूंचे द्रावण फवारून २४ तास अंधाऱ्या, दमट कक्षात ठेवतात आणि सात दिवसांनी ० ते ९च्या मोजपट्टीवर गुण देतात (० म्हणजे रोग नाही). पर्णकोष करप्यासाठी पाणकणसाच्या देठाच्या तुकड्यांवर बुरशी वाढवून ते तुकडे फुटव्यांच्या मध्ये खोचतात आणि चट्टा रोपाच्या उंचीच्या किती टक्के चढला ते मोजतात. काचगृहात ही मोजणी नीट येते. शेतात लावणीचे अंतर, पाणी आणि नत्र बदलले की आकडे हलतात, म्हणूनच क्षेत्रचाचणीशिवाय काहीच ठरत नाही.

विरोधकांच्या दोन शंका आम्हांला रास्त वाटतात. पहिली खाण्याची. केळ्यासारख्या फळांतली काही कायटिनेजे अ‍ॅलर्जी करणारी म्हणून ज्ञात आहेत. कांद्याचे ते प्रथिन ज्या कुळातले आहे त्याच कुळात पीच फळातले अ‍ॅलर्जीकारक प्रथिन येते. म्हणून प्रत्येक प्रथिनाची स्वतंत्र तपासणी झालीच पाहिजे. शिवाय ते प्रथिन दाण्यात असण्याची गरजच नाही. रोग पर्णकोषावर होतो, तेव्हा फक्त हिरव्या भागात जनुक चालू ठेवणारा प्रवर्तक वापरावा. सोयीसाठी सगळीकडे चालणारा प्रवर्तक वापरणे आता बंद व्हायला हवे.

दुसरी शंका मिसळण्याची. भात स्वपरागी आहे. शेजारच्या भाताशी संकर होण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. पण बियाणे माणसे मिसळतात. खळ्यावर, गिरणीत, पोत्यांत. अमेरिकेत २००६ मध्ये परवानगी नसलेल्या जनुकबदल भाताचे अंश बाजारातल्या तांदळात सापडले, निर्यात कोसळली आणि संबंधित कंपनीला २०११ मध्ये ७५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. २०२१ मध्ये भारतातल्या तुकडा तांदळाच्या पिठात असे अंश मिळाल्याची सूचना युरोपात निघाली, तेव्हा आपल्याकडे जीएम भात पिकतच नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. आणखी एक गोष्ट पूर्व विदर्भाची. भंडारा-गोंदियाच्या तळ्यांत देवधान आपोआप उगवते, तो भाताचा जंगली नातेवाईक आहे. बाहेरच्या जनुकाची चाचणी अशा तळ्यांच्या आसपास मुळीच घेऊ नये. कुंपण, वेगळी मळणी, उरलेला दाणा न् दाणा जाळणे आणि पुढच्या हंगामात त्या जागेत आपोआप उगवलेली रोपे उपटणे, एवढी शिस्त पाळणाऱ्या संशोधन केंद्रातच ती व्हावी. या अटींवर राज्य सरकारने पर्णकोष करप्याच्या क्षेत्रचाचणीला ना-हरकत द्यावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

तोवर शेतात करण्यासारखे पुष्कळ आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकले की हलके, रोगट दाणे वर येतात. ते काढून तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि सावलीत वाळवावे. युरिया एकदम न देता तीन हप्त्यांत द्यावा, ढगाळ हवेत हप्ता पुढे ढकलावा. चिखलणीनंतर वाऱ्याच्या टोकाला, खाचराच्या कोपऱ्यात जमलेला फेस आणि कचरा बारीक जाळीने काढून बांधाबाहेर पुरला तर पर्णकोष करप्याच्या गाठी तेवढ्या कमी होतात. चीनच्या युन्नान प्रांतात करप्याला बळी पडणाऱ्या उंच चिकट भाताची एक ओळ आणि बुटक्या संकरित भाताच्या चार ओळी असे आलटून पालटून लावले, तेव्हा चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी घटला आणि बुरशीनाशकाची गरज उरली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग हजारो हेक्टरांवरचा होता. उंच आंबेमोहर आणि बुटके इंद्रायणी अशी जोडी मावळात लावून पाहायला कोणत्याही समितीची परवानगी लागत नाही. कापणी वेगळी करावी लागते ही अडचण खरी, पण युन्नानमध्येही ती हातानेच केली जात होती.

राहिली बियाण्याच्या पिशवीची गोष्ट. 'करपा प्रतिकारक' एवढे दोन शब्द छापून बी विकणे थांबले पाहिजे. आत कोणती प्रतिकारक जनुके आहेत, एक की अनेक, ती संकराने आली, संपादनाने की बाहेरून, आणि वाणाची परीक्षा कोणत्या ठिकाणी किती हंगाम झाली, हे पिशवीवर मराठीत छापावे. करपा हमखास येणाऱ्या लोणावळ्यासारख्या ठिकाणी, बाजूला एचआर-१२ सारख्या सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी लावून, मुद्दाम जास्त नत्र देऊन परीक्षा घेण्याची पद्धत आपल्याकडे आधीपासून आहे. हरियाणात टिकलेले जनुक मावळातल्या बुरशीपुढे टिकेलच असे नाही, कारण बुरशीची कुळे प्रदेशागणिक बदलतात. म्हणून करपा-प्रतिकारक म्हणून महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वाणाचे लोणावळा आणि कर्जत येथील किमान तीन हंगामांचे गुण कृषी विभागाने दरवर्षी पेरणीआधी, मे महिन्यात, वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावेत. आपल्या दैनिकाने त्यासाठी जागा द्यावी, ही विनंती.

आपले,
भातरोगांचे अभ्यासक, रायगड व पुणे जिल्हा